झाबुआची कडकनाथ अंडी आणि थर्माकोलची पेटी

कडकनाथ कोंबडी अंडी देते, पण ती उबवायला क्वचितच बसते. खुडूक होण्याची ओढ या जातीत फार कमी, म्हणून ज्यांच्याकडे हे पक्षी आहेत ते एक तर गावठी खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवतात, नाहीतर मशीनमध्ये. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कृषी विज्ञान केंद्राची हॅचरी आहे, पण पिल्लांसाठी नंबर लावावा लागतो आणि एक दिवसाचं पिल्लू लांबच्या प्रवासात दगावतंही. मग अंडीच मागवावीत असा विचार पुढे येतो. झाबुआ, अलीराजपूर, धार हा या जातीचा मूळ मुलूख. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं आणि मागणी चहूकडून वाढली. त्याच्या पुढच्याच वर्षी सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथच्या नावावर मोठा गुंतवणूक घोटाळा उघड झाला, तेव्हापासून महाराष्ट्रात लोक 'अस्सल कुठून मिळेल' हे आधी विचारतात.

अंडी उबवायची थर्माकोलची पेटी घरी बनवणं हा या सगळ्यातला सोपा भाग आहे. प्रवास करून आलेलं अंडं सावरणं अवघड. घरच्या ताज्या अंड्यांतून शंभरात ऐंशी पिल्लं निघत असतील, तर त्याच पेटीत कुरिअरच्या अंड्यांतून पन्नास निघाली तरी हात जोडावेत. उरलेली तीस पेटीत शिरण्याआधीच गेलेली असतात.

प्रवासात नेमकं काय होतं? अंड्याच्या रुंद टोकाला दोन पापुद्र्यांच्या मध्ये हवेची पोकळी असते. गाडी हादरत राहिली की आतला पापुद्रा बाहेरच्यापासून सुटत जातो आणि ती हवा गवंड्याच्या लेव्हलमधल्या बुडबुड्यासारखी अंड्यात इकडून तिकडे फिरू लागते. बलक मध्यभागी धरून ठेवणारे दोन पीळदार धागे ताणले जातात. याशिवाय उष्णता. फलित अंड्यातला भ्रूण १५ ते १८ अंशांत झोपलेला राहतो. २४-२५ अंशांच्या वर तो अर्धवट जागा होऊन वाढू लागतो. एप्रिलमध्ये इंदूरहून निघालेल्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत रात्रभर ३५-३८ अंश, मग पुण्यात ऑफिसच्या पंख्याखाली २८ अंश, अशा चढउतारात तो वाढायला लागून मरतो. पुढे कँडलिंगमध्ये, म्हणजे अंड्यामागे उजेड धरून आत पाहताना, रक्ताचं कडं दिसतं ते बऱ्याचदा याच अंड्यांत. म्हणून मागवायची तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर स्वस्तात मिळाली तरी घेऊ नयेत.

विकणाऱ्याला चार गोष्टी आधी बोलून ठेवाव्यात. अंडी तीन दिवसांच्या आतली हवीत, कारण वाटेत अजून दोन-तीन दिवस जाणार आणि सात दिवसांनंतर उबवणक्षमता घसरत जाते. धुतलेली नकोत, कवचावरचा नैसर्गिक थर धुण्याने जातो आणि जंतूंना भोकं मोकळी होतात. आठ-दहा माद्यांमागे एक नर आहे का ते विचारावं. आणि पॅकिंग: प्रत्येक अंडं बबल रॅपमध्ये गुंडाळून निमुळतं टोक खाली, खोक्याच्या तळाला आणि चहूबाजूंना भाताचा तूस दोन-तीन इंच ठासून. नुसत्या अंड्याच्या ट्रेवर ट्रे रचून दोरी मारलेलं पार्सल आलं की फुटलेली कमी असतात, पण हवेच्या पोकळ्या सगळ्यांच्या सुटलेल्या असतात. कारण ट्रे धक्का शोषत नाही, पुढे पोचवतो. आणि एक, काळं अंडं कडकनाथचं म्हणून कोणी विकत असेल तर दुरूनच नमस्कार करावा. कडकनाथचं अंडं फिकट तपकिरी, किंचित गुलाबी झाक असलेलं आणि लहान असतं, ४० ते ४७ ग्रॅमचं.

पार्सल आलं की थेट पेटीत टाकायचं नाही. निमुळतं टोक खाली करून अंडी पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये लावावीत आणि घरातल्या थंड, सावलीच्या जागी १२ ते २४ तास हलवू नयेत. त्याआधी एकदा कँडलिंग: अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या टॉर्चवर पुठ्ठ्याची नळी धरायची आणि तिच्या तोंडावर अंड्याचं रुंद टोक. कवच फिकट असल्यामुळे आतलं स्वच्छ दिसतं. पोकळीची कड पेन्सिलने कवचावर आखून घ्यावी, मार्करने नाही. मार्करची शाई आत झिरपते. पोकळीची कड सरळ गोल असेल तर ते अंडं ठणठणीत. एका बाजूने खोगिरासारखी खाली उतरली असेल तर मध्यम. अंडं कलंडवल्यावर बुडबुडा सरकत असेल तर पोकळी पूर्ण सुटलेली. टाकून द्यायचं नाही, पण त्याला वेगळी वागणूक. केसाएवढी चीर असेल तर मेणबत्तीचं मेण लावून बुजवता येते. पापुद्रा फाटून ओलावा बाहेर आला असेल तर मात्र ते फेकावं, कारण पेटीत ते नासतं आणि एखादं फुटलं की बाकी सगळ्यांवर घाण उडते.

आता पेटी. मासळीच्या किंवा औषधांच्या थर्माकोलच्या खोक्याची भिंत निदान एक इंच जाड हवी. गिफ्टच्या वस्तूंबरोबर येणारी पातळ खोकी उष्णता धरत नाहीत. दोन डझन अंड्यांना साधारण दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच पुरे. झाकणात पोस्टकार्डाएवढी काच किंवा अॅक्रिलिक बसवलं की सारखं उघडावं लागत नाही. सामान असं लागतं: डब्ल्यू १२०९ थर्मोस्टॅट (तापमान बघून बल्ब चालू-बंद करणारी छोटी सर्किट प्लेट), १२ व्होल्ट २ अँपियरचा अडॅप्टर, कॉम्प्युटरचा ८० मिलिमीटरचा १२ व्होल्ट पंखा, दोन बॅटन होल्डर, ४० वॅटचे दोन पिवळे फिलामेंट बल्ब, एचटीसी-१ सारखा आर्द्रता मोजणारा मीटर, पाण्यासाठी उथळ ट्रे. एलईडी बल्ब चालत नाही, तो तापतच नाही. फिलामेंटचे बल्ब मिळेनासे होत चाललेत. त्याऐवजी ब्रूडरमध्ये (पिल्लांना ऊब देण्याच्या जागेत) लावतात तो सिरॅमिक हीटर चालतो, फक्त तो बंद झाल्यावरही बराच वेळ तापलेला राहतो.

दोन बल्ब समांतर जोडायचे. एका बल्बवर भागतं हे खरं, पण तो रात्री दोन वाजता उडतो. समांतर जोडणीत एक उडाला तरी दुसरा सकाळपर्यंत पेटी ३६ अंशांच्या आसपास तरी धरतो.

डब्ल्यू १२०९ ची जोडणी: अडॅप्टरचे दोन टोक १२ व्होल्ट आणि ग्राउंडला. के० आणि के१ ही रिलेची टोकं, त्यांच्यात स्वतःचा करंट नसतो, तो नुसता स्विच आहे. घरच्या २३० व्होल्टच्या लाइनमधली फेज वायर के० मध्ये घालून के१ मधून बल्बकडे न्यायची. न्यूट्रल सरळ बल्बला. पंखा रिलेवर नको, तो थेट अडॅप्टरवर, चोवीस तास चालू. प्लेट उघडीच येते, तेव्हा ती पेटीच्या बाहेर प्लास्टिकच्या डबीत बसवावी. २३० व्होल्ट आणि पाण्याचा ट्रे एकाच खोक्यात आहेत हे विसरून चालत नाही: होल्डर वरच्या बाजूला, ट्रे तळाला विरुद्ध कोपऱ्यात, वायरीचे सांधे टेपवर न सोडता कनेक्टरमध्ये. बल्ब थर्माकोलपासून निदान वीतभर लांब आणि मध्ये पत्र्याचा आडोसा. आडोशाचा दुसरा उपयोग शेवटी कळतो, पिल्लू निघाल्यावर पहिलं धडपडतं ते उजेडाकडे.

सेटिंगमध्ये लोक हमखास अडकतात. प्लेट येते ती पी० मध्ये सी म्हणजे थंड करण्याच्या मोडवर. तो एच करायचा, नाहीतर गरम झाल्यावर बल्ब लागतो. पी१ म्हणजे किती अंश घसरल्यावर परत चालू व्हायचं. तो आकडा २ असतो, म्हणजे पेटी ३५.६ पर्यंत गार होईपर्यंत बल्ब बंदच. तो ०.३ करावा. ०.१ केला तर रिले सारखा कटकट वाजत राहतो आणि त्याचे पॉइंट लवकर जळतात. सेट पॉइंट, म्हणजे जिथे बल्ब बंद व्हायचा ते तापमान, ३७.६. पी४ मध्ये दुरुस्तीचा आकडा घालता येतो, त्यासाठी घरातला ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर वापरावा: कोमट पाण्यात, ३७-३८ अंशांच्या आसपास, थर्मामीटरचं टोक आणि सेन्सर शेजारीशेजारी धरून जो फरक येईल तो पी४ मध्ये. भिंतीवरचे थर्मामीटर आणि एचटीसी-१ चा तापमानाचा आकडा यांवर विसंबू नये. एक अंश इकडेतिकडे त्यांना सहज चालतो, भ्रूणाला चालत नाही. सेन्सर अंड्यांच्या उंचीवर लटकवायचा, बल्बसमोर नाही, पंख्याच्या झोतातही नाही.

रिले चालू अवस्थेत चिकटणं हा या प्लेटचा खरा धोका. मग बल्ब बंदच होत नाही, पेटी ४२-४५ वर जाते आणि काही तासांत सगळं संपतं. उपाय स्वस्त आहे. दुसरी तशीच प्लेट घेऊन तिचा रिले पहिल्याच्या मालिकेत जोडायचा आणि सेट पॉइंट ३८.५ ठेवायचा. पहिली चिकटली तर दुसरी तोडते. भ्रूण थोडी थंडी सोसतो. ३५ अंशांवर काही तास गेले तर पिल्लं थोडी उशिरा निघतात इतकंच. जादा उष्णता मात्र तो फार सोसत नाही.

आर्द्रतेचा मीटर तपासायला एक वाटी मीठ पुरतं. मिठात थोडं पाणी घालून ओली रेती होईल इतकंच भिजवायचं, मीटरबरोबर हवाबंद डब्यात बारा तास ठेवायचं. आत ७५ टक्के असायला हवेत. मीटर ६८ दाखवत असेल तर पुढे सात मिळवून वाचायचं.

हे सगळं झाल्यावर पेटी रिकामी एक दिवस-रात्र चालवायची. दुपारी आणि पहाटे आकडा तोच राहिला तरच अंडी.

पंख्याच्या पेटीत सरासरी ३७.५ अंशांच्या आसपास. पंखा नसेल तर वर आणि खाली दोन अंशांचा फरक पडतो, तेव्हा अंड्यांच्या माथ्याजवळ ३८.५ ते ३९ मोजावं लागतं. पण पंखा शंभर-दीडशे रुपयांत मिळत असताना ही कटकट घेण्यात अर्थ नाही.

सुटलेल्या पोकळीची अंडी आडवी ठेवायची नाहीत. पुठ्ठ्याचा ट्रे तळाला जागोजागी कापून भोकं मोकळी करायची, म्हणजे हवा खेळते, आणि अंडी रुंद टोक वर करून उभी. पहिले दोन ते तीन दिवस फिरवणं नाही. त्यानंतर मात्र फिरवायलाच हवं. न फिरवल्यास भ्रूण पापुद्र्याला चिकटतो आणि रक्तवाहिन्यांचं जाळं निमुळत्या टोकापर्यंत पसरत नाही. पहिल्या आठवड्यात ही गरज सगळ्यात जास्त असते. त्यामुळे 'प्रवासाची अंडी आहेत, आठवडाभर हलवू नका' हा सल्ला ऐकू नये. उभ्या अंड्यांना हाताने गोल फिरवायचं नाही, ट्रेच्या एका बाजूखाली लाकडी ठोकळा सरकवून तो ४५ अंशांपर्यंत कलवायचा, पुढच्या वेळी ठोकळा दुसऱ्या बाजूला. दिवसातून पाच वेळा. विषम संख्या एवढ्यासाठी की रात्रीची लांब पाळी रोज एकाच बाजूला येऊ नये.

पाणी किती ठेवायचं हे पेटीपेक्षा ऋतू ठरवतो. पावसाळ्यात कोकणात बाहेर २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा ३७.५ पर्यंत तापल्यावर ५० टक्क्यांवर येते. ट्रेमध्ये पाणी लागतच नाही. पुण्यात जानेवारीत २० अंश आणि ५० टक्के असेल, तर पेटीत ती जेमतेम १८ टक्के उरते. म्हणजे अंडी मागवायचे महिने आणि पाण्याची गरज असलेले महिने एकच. पहिले १८ दिवस ४० ते ५० टक्के पुरे. पाणी खोल असून उपयोग नाही, पसरट हवं. आर्द्रता वाढवायची तर दुसरा उथळ ट्रे ठेवावा किंवा पाण्यात स्पंजचा तुकडा उभा करावा.

तरी आमचा भरवसा मीटरपेक्षा वजनकाट्यावर. अंड्यातलं पाणी उडून १८ व्या दिवसापर्यंत मूळ वजनाच्या १२ टक्क्यांच्या आसपास घट व्हायला हवी. ४४ ग्रॅमचं अंडं १८ व्या दिवशी ३८.७ ग्रॅम. एकेक अंडं तोलायला सोन्याचा काटा लागतो, पण स्वयंपाकघरातल्या एक ग्रॅमच्या काट्यावर अख्खी बॅच तोलता येते. २४ अंड्यांची बॅच १,०५६ ग्रॅम भरली तर रोज सात ग्रॅम उतरली पाहिजे, आठवड्याला ४९. सातव्या दिवशी ३० च उतरली असेल तर पाणी काढून घ्यावं, ७० उतरली असेल तर वाढवावं. फुकट गेलेली अंडी काढली की उरलेल्यांचं मूळ वजन परत धरायचं, नाहीतर हिशोब फसतो. प्रवासात मार खाल्लेल्या अंड्यांना जादा ओलावा जास्त बाधतो, असा आमचा अंदाज; म्हणून त्यांना ४० च्या जवळ ठेवतो.

पहिलं कँडलिंग सातव्या दिवशी. जिवंत अंड्यात एक गडद ठिपका आणि त्याच्यापासून कोळ्याच्या पायांसारख्या फुटलेल्या तांबड्या शिरा दिसतात, ठिपका हलतो. काही नाही, नुसता पिवळा उजेड, म्हणजे फलित नव्हतं किंवा अगदी सुरुवातीला मेलं. फोडून पाहिल्याशिवाय यातला फरक कळत नाही आणि तो कळणं गरजेचं आहे: बलकावर पांढरा टणक ठिपका असेल तर फलनच झालेलं नाही, विकणाऱ्याला सांगता येतं. गोल तांबडी रेघ हे रक्ताचं कडं, भ्रूण दोन ते चार दिवसांत मेलेला. १४ व्या दिवशी अर्ध्याहून जास्त अंडं काळं दिसतं आणि पोकळी पेन्सिलच्या रेघेच्या बरीच खाली उतरलेली असते. कुबट वास, कवचावर ओघळ किंवा बारीक थेंब दिसले तर ते अंडं ताबडतोब, हलक्या हाताने, बाहेर.

वीज गेली तर झाकण उघडून बघत बसू नये. पहिल्या दहा दिवसांत पेटी गोधडीने झाकून आत गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या की दोन-तीन तास निभतात. पंधराव्या दिवसानंतर उलटं आहे. भ्रूण स्वतः उष्णता आणि कार्बन डायऑक्साइड सोडत असतात, पंखा बंद झाला की हवा कोंडते. तेव्हा गोधडी घालायची तर वरची भोकं उघडी ठेवून. वायफाय राउटरचा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस पंखा आणि प्लेट दोन्ही काही तास चालवतो. भोकांचं सांगायचं तर वर चार, खाली चार, बोटाच्या टोकाएवढी; सुरुवातीला अर्धी टेपने बंद, दहा दिवसांनंतर सगळी मोकळी.

१८ वा दिवस संपला की फिरवणं बंद. तळाला जाळीदार रबरी मॅट, कारण वर्तमानपत्रावर पिल्लाचे पाय फाकतात आणि ते तसेच राहतात. आर्द्रता ६५ ते ७०. पोकळी सुटलेली अंडी आताही उभीच, कापलेल्या पुठ्ठ्याच्या खणात, बाकीची आडवी. पिल्लू आधी पोकळीत चोच घालून पहिला श्वास घेतं. पोकळी जागेवर नसेल तर चोच द्रवात जाते आणि पूर्ण वाढलेलं पिल्लू आतच बुडतं. कुरिअरच्या अंड्यांत शेवटच्या दोन दिवसांत जी मरतात, त्यांतली बरीच अशी.

कडकनाथचं अंडं लहान, त्यामुळे विसाव्या दिवशीच किलबिल ऐकू येते. कवचाला पहिला टोच पडल्यापासून बाहेर यायला १२ ते २४ तास लागू शकतात. या वेळात पापुद्र्यातल्या शिरांमधलं रक्त आत ओढलं जात असतं आणि उरलेला बलक पोटात जात असतो. घाईने कवच सोलणं म्हणजे रक्तस्राव. पेटी उघडून एकाला मदत करताना ओलावा निघून जातो आणि शेजारच्यांचा पापुद्रा सुकून त्यांच्या अंगाला आवळतो. २४ तास उलटले, पापुद्रा पिवळट कोरडा झालाय आणि पिल्लू आवाज करतंय, तरच कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पापुद्रा ओला करून कवचाचे तुकडे एकेक काढावेत. लाल शीर दिसली की थांबायचं.

न निघालेली अंडी बावीस दिवसांनंतर फोडून पाहावीत, नाकाला फडकं बांधून. पिल्लू फुगलेलं, अंगावर चिकट पाणी, पोकळी लहान: आर्द्रता जास्त झाली. पापुद्रा अंगाला आवळून चिकटलेला: कमी झाली. वेळेआधी निघालेली, नाभी उघडी, रक्ताळलेली: तापमान जास्त. उशिरा निघालेली, पोट मोठं आणि मऊ: कमी. डोकं निमुळत्या टोकाला: अंडं उलटं ठेवलं गेलं होतं. सगळ्या बॅचमध्ये एकच खूण दिसली तर दोष पेटीचा. प्रत्येक अंड्यात वेगळी असेल तर बहुधा रस्त्याचा किंवा कळपाचा.

निघालेली पिल्लं पेटीतच पूर्ण सुकू द्यावीत, पोटातल्या बलकावर ती दोन दिवस सहज राहतात. पाठीवर गडद पट्टे असलेली काळपट-निळसर पिल्लं, चोच आणि पाय काळे. पण काळा रंग दिसला म्हणून जात शुद्ध ठरत नाही. काळ्या कातडीचं जनुक बऱ्यापैकी वरचढ असल्याने क्रॉसची पिल्लंही काळपट निघतात. जीभ, तुरा आणि पायाची नखं महिन्या-दोन महिन्यांनी बघून मग ठरवावं. ब्रूडर पहिल्या आठवड्यात ३३ ते ३५ अंश, पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी. पहिलं पाणी गुळाचं, दोन-तीन तासांनी मक्याचा बारीक भरडा. पाच ते सात दिवसांत लासोटा, म्हणजे राणीखेत रोगाची लस, डोळ्यात एक थेंब.